मिथुनच्या चेहऱ्यामागचा चौकोन

नामदेव मढवींच्या पोटात बातमी टिकत नाही, हे पावणे गावाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. बायकोला, गोजराबाईंना, पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ही खबर सासूच्या आधी विटांच्या ट्रकवाल्याला कळली होती. त्यात नामदेवांची चूक एवढीच, की ट्रकवाला त्यांना आधी भेटला. आनंद झाला की तो समोरच्याच्या अंगावर ओतायचा, मग समोर कोण आहे हे बघायचं, असा त्यांचा क्रम.

खाडीकाठच्या भातशेतीत जन्मलेला हा माणूस. शेतांवर कारखाने उभे राहिले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी आठवडाभर कुणाशी बोलणं टाकलं होतं. नामदेवांनी मात्र बोलणं कधीच टाकलं नाही. त्यांनी आधी टेंपो चालवला, मग टेंपो दुसऱ्याला चालवायला दिला, मग उरलेल्या तुकड्यावर ओळीने गाळे बांधले आणि भाड्याने दिले. गाळ्यांत कुणी खिळे बनवी, कुणी खोके, कुणी नुसताच आवाज. संध्याकाळी पांढरा शर्ट, गळ्यात जाडजूड साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा अशा थाटात ते ओळीपुढून फेरी मारत. चष्मा सूर्य मावळल्यावरही उतरत नसे. ‘अंधारात दिसतं का हो काका?’ असं एका भाडेकरूने विचारलं, तर म्हणाले, ‘मना दिसायची गरज नाय. लोकांना मी दिसलो पायजे.’

पण नामदेवांचं खरं प्रेम फलकांवर. नाक्यावर बांबूंच्या चौकटीत ताणून बसवलेला, वीस फुटांवरून डोळे दिपवणारा, चेहऱ्यांनी गच्च भरलेला फलक म्हणजे त्यांच्या मते माणसाने माणसाला घातलेला साष्टांग नमस्कार. भाचा बारावी पास झाला, फलक. भाचा बारावी नापास झाला, तर ‘पुढील प्रयत्नास हार्दिक शुभेच्छा’. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा त्यांनी ‘भूगर्भातील यशाबद्दल अभिनंदन’ असा फलक लावला आणि त्यावर शेजाऱ्यापेक्षा स्वतःचा फोटो मोठा छापला, कारण बोअरची जागा त्यांनी सुचवली होती.

अशा माणसाच्या पोटी जागृती जन्मली. ही धाकटी. थोरली स्नेहल उलव्याला दिलेली, तिचे यजमान मिथुन ठाकूर, बांधकामाला खडी-रेती पुरवणारे, मिशीची निगा फार काळजीने राखणारे. जागृती मात्र अबोल. घरातलं सगळं बोलणं वडिलांनी आधीच वापरून टाकल्यामुळे तिच्या वाट्याला उरलंच नव्हतं, असं गोजराबाई म्हणत. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर झाली, पुण्याच्या एका कंपनीत आवाजाच्या यंत्रांवर काम करून परत आली आणि वडिलांच्या ओळीतला शेवटचा गाळा घेऊन त्यात वायरी पसरून बसली. आत काय चालतं हे नामदेवांना कळत नसे. पण ते ज्याला त्याला सांगत, ‘आमची बाय आवाजातली डॉक्टर हाय.’ मग लोक कान दुखतो म्हणून गाळ्यावर येत.

तर झालं असं, की भाच्याची हळद होती. आगरी माणसाच्या घरी लग्न एक वेळ साधं चालेल, हळद साधी चालत नाही. मांडव भरलेला, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे नाचायला उभे. आणि स्पीकर बिनवायरीचे, नवेकोरे. गाणं रंगात आलं की आवाज तुटे. अख्खा मांडव एक पाय वर करून थांबे. आवाज परत येई, पाय खाली येई, तोवर ठेका पुढे गेलेला. वेणूबाई आत्या तर दोनदा नवरदेवाच्या अंगावर पडल्या. सगळे डीजेवाल्याच्या नावाने ओरडत होते. जागृती तेवढी स्पीकरकडे टक लावून बघत होती.

बिनवायरीचं गाणं हवेतून येतं ते अख्खं येत नाही. दाबून, घडी घालून, बारीक तुकडे करून पाठवलेलं असतं. स्पीकरच्या पोटात बसून ते तुकडे उलगडून पुन्हा गाणं करणारा जो कारागीर असतो, तो डिकोडर. वाटेत थोडे तुकडे हरवले की कारागीर गप्प बसतो, आणि वेणूबाई पडतात. जागृतीने ठरवलं, गप्प न बसणारा डिकोडर करायचा. वर्षाच्या आसपास ती त्या गाळ्यात होती. मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, जमलं. आता पेटंट घ्यायचं. दोन दिवस पुण्याला जाऊन कागद करून येते.”

घरात एवढं मोठं वाक्य ती बऱ्याच दिवसांनी बोलली होती. नामदेवांचा घास हातातच राहिला. मुलीने काय शोधलं हे विचारण्याइतकीही उसंत त्यांच्या आनंदाने त्यांना दिली नाही. ती पुण्याच्या गाडीत बसली आणि हे गाळ्याची दुसरी किल्ली घेऊन निघाले.

गाळ्यात भिंतीवर पांढरा फळा होता. फळ्यावर जागृतीने यंत्राची आकृती काढली होती. डावीकडून आवाजाचे तुकडे येतात, उजवीकडे स्पीकर, मधे चौकोन, चौकोनात आणखी बारीक चौकोन, बाण, आकडे. नामदेवांनी मोबाइलवर फोटो काढला आणि थेट फलक छापणाऱ्या नंदकुमारचं दुकान गाठलं.

“काका, यंदा काय निमित्त?”

“पोरीनं शोध लावलाय. अखंड आवाज देनारा डिकोडर. ह्यो बघ नकाशा. मागं सगल्या फलकावर ह्योच पायजे. पुढं पोरीचा फोटो, मग मी, मग गोजरा, मग आपली मंडली.”

“मंडळी किती?”

“सगली.”

नंदकुमारने मंडळी बसवली. यंत्राची आकृती मागे पसरली, कडेकडेने चेहरे आले. मध्ये थोडी मोकळी जागा राहिली, म्हणजे यंत्राचा तो मुख्य चौकोन दिसत राहिला. फलक छापायला जाणार एवढ्यात उलव्याहून स्नेहलचा फोन.

“बाबा, फलकावर ह्यांचा फोटो नाय?”

नामदेवांनी नंदकुमारच्या पडद्यावरचे चेहरे पुन्हा मोजले. सगळ्या गावाचे चेहरे आले आणि जावई राहिला! जावईबापूंना हे आधीच कुठूनतरी कळलं होतं. त्यांनी मोबाइल बंद ठेवला होता, जेवण टाकलं नव्हतं पण वाढून घेतलं नव्हतं, आणि ‘आम्ही काय, आम्ही परके’ असं छताकडे बघून दोनदा म्हणून झालं होतं. नामदेवांनी नंदकुमारला हुकूम सोडला, “जावयाला घे. आत्ताच्या आत्ता.”

“काका, कोपऱ्यात जागा आहे.”

“जावयाला कोपरा दाखवतात काय रे? मधी घे. मोटा घे.”

अशा रीतीने मिथुन ठाकूर, काळा चष्मा आणि मिशीसकट, फलकाच्या ऐन मध्यभागी विराजमान झाले. उलव्यातला मोबाइल सुरू झाला. फलक नाक्यावर, उड्डाणपुलावरूनही दिसेल असा, चढला. कुठल्याशा गावपातळीच्या यूट्यूब चॅनेलचा माणूस कॅमेरा घेऊन आला, तेव्हा नामदेवांनी फलकासमोर उभं राहून मनसोक्त मुलाखत दिली. मुलीच्या परवानगीने लावलात का, या प्रश्नावर ते म्हणाले, “आमच्या घरात पोरीला विचारल्याबिगर पान पन हलत नाय!” आणि पुढे आपणहून जोडलं, “सगला यंत्र हिथं हाय. पुलावरून जानारा मानूस पन वाचून घरी बनवील, येवढा क्लीअर हाय.”

दुसऱ्या दिवशी जागृती पुण्याहून परतली. नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा तिने वर पाहिलं आणि ती तिथेच दुभाजकावर बसली. नामदेव बाजूलाच होते. ती कधी येते आणि कधी खूश होते याचीच वाट बघत होते.

“बाबा, हे कधी लावलं?”

“काल सकाळी. आवडला?”

“अर्ज अजून भरलेला नाही, बाबा. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. नवी म्हणजे कुणाला माहीत नसलेली. अर्जाच्या आधी जगाला सांगितलं की ती नवी राहत नाही.”

“अगं पन आपल्याच मानसांना सांगितला ना. परक्याला कुठं सांगितला?”

“नाक्यावर लावलंय, बाबा!”

नामदेवांनी वर पाहिलं. पहिल्यांदाच त्यांना आपला फलक जरा जास्तच मोठा वाटला. तासाभरात त्यांनी स्वतः शिडी लावून तो उतरवला. जागृतीने त्या आठवड्यातच अर्ज भरला. फलकाकडे तिने पुढे कित्येक वर्षं पाहिलं नाही, आणि वडिलांशी त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ज्या घरात बाप गप्प बसत नाही तिथे मुलीचं गप्प बसणं फार मोठ्याने ऐकू येतं.

पुढे काही वर्षांनी, अर्ज मंजूर होण्याच्या बेतात असताना, परराज्यातल्या एका मोठ्या कंपनीने हरकत घेतली. त्या कंपनीला तसाच डिकोडर आपल्या स्पीकरच्या खोक्यांत बसवायचा होता. हरकतीला जोडून फलकाचा फोटो होता आणि नामदेवांची मुलाखतही. जागृतीच्या बाजूने सांगितलं गेलं, की वडिलांनी परवानगी न घेता फोटो लावला. शोध लावणाऱ्याला न विचारता कुणी गोष्ट फोडली आणि शोध लावणाऱ्याने कळताच अर्ज केला, तर कायदा सांभाळून घेतो. पण समोरच्यांनी मुलाखत चालवली. पडद्यावर नामदेव छाती पुढे काढून म्हणाले, पोरीला विचारल्याबिगर पान हलत नाय. झालं. विचारल्याबिगर पान हलत नाही, मग फलक कसा हलला? अर्ज फेटाळला गेला.

आता राहिलं होतं उच्च न्यायालयातलं अपील. तेही हरलं तर जागृतीचा डिकोडर ज्याला हवा त्याने वापरावा आणि ती बघत राहावी. नामदेवांनी जेवण कमी केलं. गाळ्यांपुढची फेरी बंद झाली. भाडेकरूंना काळजी वाटायला लागली. एका खिळेवाल्याने गोजराबाईंना बाजूला घेऊन विचारलं, “काका आजारी आहेत का? काल मला नुसतं हूं म्हणाले.”

“आजारी नाय,” गोजराबाई म्हणाल्या. “तोंडाला आराम देतायत. जलमभर दिला नव्हता.”

अपील चालवायला घेतलं होतं वकील ऋता पेंढरकर यांनी. वाशीला ऑफिस, आधी इंजिनीअर मग वकील, बोलताना पेन हवेत फिरवण्याची सवय. कंपनीने हरकतीला जोडलेल्या फोटोची मूळ प्रत त्यांनी मागवून घेतली होती. ती भिंतभर मोठी छापून ऋता एका दुपारी गाळ्यावर आल्या. खिळेवाला, नामदेव, गोजराबाई आणि उलव्याहून आलेले मिथुन असे सगळे जमले. ऋतांनी तो कागद फळ्यावर चिकटवला.

“आतापर्यंत सगळे परवानगीवर भांडले,” त्या म्हणाल्या. “फायलीतला फोटो एवढासा होता, त्यात कुणी काही बघितलंच नाही. जागृती, तुझा शोध यात नेमका कुठे आहे? बोट ठेव.”

जागृतीने बऱ्याच वर्षांनी त्या फलकाकडे नीट पाहिलं. जवळ गेली. डावीकडे तुकडे येताना दिसत होते. उजवीकडे स्पीकर होता. तिने बोट उचललं आणि ठेवलं ते बरोबर मिथुनच्या मिशीवर.

सगळ्यांनी वळून मिथुनकडे बघितलं. मिथुनने नकळत स्वतःच्या मिशीला हात लावून बघितला.

“मुख्य चौकोन अख्खा ह्यांच्या चेहऱ्यामागे गेलाय,” जागृती म्हणाली. “बाण पण चष्म्याच्या मागे गेलेत.”

ऋतांचं पेन हवेत थांबलं. “म्हणजे फलकावर शोध नाहीच. फलकावर जावई आहेत!”

“बघा,” मिथुन म्हणाला. “मी त्या येळेला रुसलो म्हनून. टेन्शन कशाला घेता, आपली केस माझ्या मिशीत हाय.”

“जास्त फुगू नका, पाहुणे,” गोजराबाई म्हणाल्या. “केस हाय म्हंजे कापता पन येते.”

सुनावणीच्या दिवशी सगळे मिथुनच्या गाडीने मुंबईला, फोर्टातल्या उच्च न्यायालयात गेले. गाडीत बसण्यापूर्वी गोजराबाईंनी नवऱ्याला एकच सांगितलं, “आवो, तिथं तोंड उघडला तर घरी येऊ नका. गाळ्यात झोपा.” नामदेवांनी मान हलवली. काळा चष्मा त्यांनी घरीच ठेवला होता. त्याच्याशिवाय ते निम्मेच दिसत होते.

कोर्टात सगळं इंग्रजीत चाललं. नामदेवांना मधूनमधून ‘बॅनर’ कळे, ‘फादर’ कळे, आणि प्रत्येक ‘फादर’ला ते बाकावर थोडे आणखी खाली सरकत. ऋतांनी भिंतभर फोटोची दुसरी प्रत उभी केली. न्यायमूर्तींनी चष्मा नाकावर ओढून तो बराच वेळ पाहिला.

“मध्यभागी हे गृहस्थ कोण?”

“अर्जदाराच्या बहिणीचे यजमान, माय लॉर्ड.”

“त्यांचा या यंत्राशी काही संबंध?”

“फक्त झाकण्यापुरता, माय लॉर्ड.”

मागच्या बाकावर मिथुनने केस सारखे केले. आपला चेहरा एवढ्या मोठ्या कोर्टात एवढा वेळ चर्चेत राहील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. नाक्यावर लागतानाही एवढं कुणी बघितलं नव्हतं.

कंपनीचे वकील वयस्क, शांत, आणि म्हणून जास्त भीतिदायक होते. ते म्हणाले, चेहरा मध्ये आला तरी आत काय आलं आणि बाहेर काय पडलं हे दोन्ही दिसतंय, जाणकाराला मधलं ओळखता येईल. आणि लावणारा स्वतःच म्हणतो, की पुलावरून जाणाराही वाचून घरी यंत्र बनवेल. त्यांनी मुलाखतीचं ते वाक्य दोनदा वाचलं. एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत, हुबेहूब पावण्याच्या हेलात. आपलंच वाक्य परक्याच्या तोंडून ऐकताना नामदेव बाकावर आणखी खाली सरकले.

“हे वडील इथे आहेत का?” न्यायमूर्तींनी मराठीत विचारलं.

जागृतीने डोळे मिटले. गोजराबाईंनी नवऱ्याच्या शर्टाचं टोक पकडलं, मग सोडलं. नामदेव उभे राहिले.

“तुम्ही सांगितलंत, फलक वाचून कुणीही हे यंत्र बनवेल.”

“सांगितला, साहेब.”

“तुम्हाला स्वतःला काय वाचता आलं त्यात?”

आयुष्यात पहिल्यांदाच नामदेवांनी उत्तर देण्याआधी विचार केला. समोर त्यांचा फलक होता, त्यांनी लावलेला सगळ्यांत मोठा. त्याची तारीफ करणं त्यांच्या जिभेला पाठ होतं.

“जावई वाचता आला, साहेब,” ते म्हणाले. “आनि मी सोता.”

कोर्टात थोडं हसू पसरलं. न्यायमूर्तीही हसले असावेत, कारण त्यांनी पाणी प्यायलं.

“आणि चेहऱ्यामागे काय होतं?”

“मना नाय म्हाईत.”

“फलक तुम्हीच लावलात ना?”

“मीच लावला. पोरीनं काय केला ते मी कवाच विचारला नाय, साहेब. तिचा फोटो मोटा आला पायजे, येवढाच बघितला. टीव्हीवाल्याला बोललू ते फुशारकीनं बोललू. पोरीला बी विचारला नव्हता.” मग त्यांना वाटलं हे पुरेसं नाही. “फलक काय बी कामाचा नव्हता, साहेब. निस्ते चेहरे होते.”

ज्या माणसाने आयुष्यभर नाक्यावर चेहरे उभे केले, त्याने भरकोर्टात ‘निस्ते चेहरे’ म्हणणं सोपं नव्हतं.

“बसा,” न्यायमूर्ती म्हणाले. “तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते पुराव्यात धरता येणार नाही. पण तुम्ही तेव्हा सांगितलंत तेही मग कितपत धरायचं, ते बघतो. बाकी फोटो समोर आहेच.”

नामदेव बसले. जागृतीने डोळे उघडले होते आणि ती वडिलांकडे बघत होती. नामदेवांनी मात्र समोरच बघितलं. बोलायचं ते बोलून झालं होतं आणि आता घरी झोपायला मिळेल की गाळ्यात, हे गोजराबाईंच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर तिथेच सांगितला गेला. बाहेरच्या व्हरांड्यात येऊन ऋतांनी सगळ्यांना समजावला. अर्ज फेटाळण्याचा निर्णय रद्द झाला होता. जागृतीने अर्जात केलेल्या दाव्यांतला पहिला, म्हणजे आवाज तुटू न देणारं असं खोकं सर्वस्वी माझंच, हा फार लांबरुंद दावा होता, तो गेला. कारण असं खोकं आहे एवढं तर फलकाने जगाला सांगितलंच होतं. पण ते खोकं आवाज तुटू कसा देत नाही, आतला कारागीर नेमकं काय करतो, ते सगळे दावे राहिले. ते फलकावर कुठेच नव्हते. त्यावर पेटंट द्यायचा आदेश झाला होता.

“म्हंजे माझ्यामुलं जिंकलो,” मिथुन म्हणाला.

“आनि पहिला दावा माझ्यामुलं गेला,” नामदेव म्हणाले.

“पहिला जाणारच होता, काका,” ऋता म्हणाल्या. “तो आम्ही मोठा घास घ्यावा म्हणून लिहिला होता. खरं पोट भरणारे होते ते राहिले.”

“तरी पन गेला तो गेला,” नामदेव म्हणाले. जागृतीने नुसता वडिलांच्या शर्टाचा मागचा, गोजराबाईंनी चुरगाळलेला भाग हाताने सारखा केला.

परत येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. बातमी पावण्यात त्यांच्या आधी पोचली होती, आणि ती या वेळी नामदेवांनी पोचवली नव्हती. मिथुनने वाशीचा पूल उतरता उतरता पाच जणांना फोन करून आपल्या मिशीसकट सगळा वृत्तान्त सांगितला होता. गाळ्यांच्या ओळीत खिळेवाले, खोकेवाले, वेणूबाई आत्या, भाचा, शेजारी असे सगळे जमले होते. गोजराबाई पेढे आणायला निघाल्या. सगळ्यांचं लक्ष नामदेवांवर. आता हा माणूस बोलायला लागला की मध्यरात्रीपर्यंत थांबणार नाही, म्हणून खोकेवाल्याने खुर्च्याही मांडल्या होत्या.

नामदेव खुर्च्यांकडे गेले नाहीत. ते जागृतीच्या मागोमाग शेवटच्या गाळ्यात गेले आणि दार अर्धं लोटून घेतलं. फळ्यावर अजून तो भिंतभर कागद चिकटलेला होता.

“बाय,” ते म्हणाले, “जावयाच्या मागं काय होता?”

“कुठे?”

“ह्या चौकोनात. साहेबांनी विचारला तवा मना लाज वाटली. इतकी वर्सं मी सगल्या जगाला सांगत फिरतोय आमच्या पोरीनं शोध लावला, शोध लावला. काय लावला तेच म्हाईत नाय.”

जागृतीने कागद अलगद सोडवला. फळा पुसला. खडूसारख्या जाड पेनाने डावीकडे काही तुकडे काढले, मधला एक पुसला.

“हळदीचं गाणं घ्या. यात दोन गोष्टी असतात. एक ठेका, ढोलाचा. एक गळा, गाणाऱ्याचा. बरोबर?”

“बरोबर.”

“बाकीचे डिकोडर दोन्ही एकत्रच धरतात. तुकडा हरवला की मागचा तुकडा तसाच पुन्हा वाजवतात, नाहीतर गप्प बसतात. माझा चौकोन आधी दोघांना वेगळं करतो. ढोल कसा वाजत आलाय हे त्याला माहीत असतं. मग हरवलेल्या जागी ढोल तो स्वतः वाजवतो. पाय थांबत नाहीत.”

“आनि गला?”

“गळा तसा वाजवता येत नाही. माणसाच्या आवाजाची नक्कल केली की लगेच कळतं. म्हणून गळ्याचा जो शेवटचा सूर हातात आहे तो धरून ठेवतो, हळूहळू बारीक करत नेतो, आणि पुढचा तुकडा आला की त्याच्या सुराला नेऊन जोडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारीने श्वास घेतला.”

नामदेव फळ्यासमोर उभे राहिले. त्यांचा उजवा पाय नकळत जमिनीवर ठेका धरत होता. ते पुसलेल्या तुकड्याकडे बघत होते, म्हणजे जिथे काहीच नव्हतं तिथे.

“म्हंजे ढोल पुढं जातो,” ते सावकाश म्हणाले, “आनि गला थांबून त्याच्यासाठी... नाय. थांब. ढोल गल्यासाठी थांबत नाय. गला पुढच्या सुरासाठी थांबतो.”

“थांबत नाही. वाट बघतो.”

“हां. वाट बघतो.” त्यांनी डोळे बारीक केले. “आनि पुढचा तुकडा पन हरवला तर?”

जागृतीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न न्यायालयात कुणी विचारला नव्हता, कंपनीच्या वकिलांनीही नाही. तसा तो फार अवघडही नव्हता. ऐकणाऱ्याने लक्ष दिलं की आपोआप येणारा प्रश्न होता.

“तर दुसरा चौकोन लागतो,” ती हसून म्हणाली. “तो मिथुनभाऊंच्या कपाळामागे होता. बसा, काढून दाखवते.”

बाहेरून खोकेवाल्याने अर्धं लोटलेलं दार वाजवलं. “नामदेवशेठ! पेढे आले. सगळे थांबलेत. सांगा की काय झालं कोर्टात!”

नामदेवांनी स्टूल फळ्याजवळ ओढलं आणि मुलीच्या हाताकडे बघत दाराच्या दिशेने हात हलवला.

“थांबा रे जरा,” ते म्हणाले. “मना अजून अर्धाच कललाय.”